तीन तोडींचा करार आणि पाचशेचा स्टँप

शाहूवाडीतल्या एका वाचकाची डोंगरपड तीन एकर, सगळी निलगिरी. 2017 मध्ये त्यांनी व्यापाऱ्याला लिहून दिलं: पहिली तोड तुझी, पुढच्या दोन फुटव्यांच्या तोडीही तुझ्याच. पाचशेचा स्टँप, नोटरीचा शिक्का. पहिली तोड 2020 मध्ये झाली. आता फुटवा तयार आहे, ब्रिकेटचा (दाबून केलेल्या जळाऊ ठोकळ्यांचा) कारखाना जास्त दर देतोय आणि व्यापारी म्हणतो, कोर्टात खेचतो. पन्हाळा, भुदरगडातूनही अशीच पत्रं येतात.

दराचं राहू द्या. तुमचा करार नोंदवला होता का? नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, हे किती वेळा सांगायचं! लवकर तोडायचं उभं लाकूड कायद्याने जंगम माल, त्याला नोंदणी लागत नाही. पण बुंध्याला पुन्हा फूट येणार, ती तुमच्या जमिनीवर वर्षानुवर्षं वाढणार आणि मग तो तोडणार, हा जमिनीतलाच हक्क झाला. सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये शांताबाई प्रकरणात हाच फरक केला. असा कागद सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदवायचा असतो. उशिराचं कारण पटलं तर दंड भरून आणखी चार. त्यानंतर दार बंद. पुढच्या दोन तोडींवरचा व्यापाऱ्याचा हक्क तिथेच लंगडा झाला.

पण लगेच ट्रॅक्टर लावू नका. नोंद नसलेला कागदही 'करार पूर्ण करून द्या' अशा दाव्यात पुरावा म्हणून पुढे करता येतो. आणि दुसऱ्या तोडीपोटी उचल घेतली होती का, हे तुम्ही पत्रात सोयीस्करपणे गाळलंय. घेतली असेल तर ती परत करण्याची तयारी ठेवा.

व्यापारी एकतर्फी मनाई हुकूम मिळवण्याआधी तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात कॅव्हेट टाका, म्हणजे 'माझं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा अर्ज. ते 90 दिवसच चालतं, नंतर नव्याने टाकावं लागतं. एकदा स्थगिती बसली की तारखांवर तारखा. कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं म्हणून तालुक्याच्या न्यायालयातला खटल्यांचा बोर्ड काही हलका झालेला नाही, आणि फुटवा तोवर थांबत नाही.

निलगिरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत नाही. तरी सातबाऱ्यावर वनाचा शेरा असेल तर गोष्ट वेगळी. वाहतुकीचं वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या.

उचलीच्या पावत्या आणि मूळ स्टँप घेऊन वकिलाकडे जा. ब्रिकेटवाल्याचा विसार तोवर घेऊ नका.