मधुमेहाबद्दल पेपरात जे छापून येतं, ते कितपत मनावर घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की आईला गेल्या महिन्यात मधुमेह निघाला. तेव्हापासून वडील रोज सकाळी पेपरातली कात्रणं कापून तिच्यापुढे ठेवतात आणि ती आणखीच घाबरते. या बातम्यांत खरं किती आणि लोक हा आजार अजून लपवतात का, हे तुम्हाला हवंय. दोन्हीवर बोलायचा मला थोडा अधिकार आहे. एकवीस वर्षं मुंबईतल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो, त्यातली बरीचशी रात्रपाळीत गेली. आणि २०११ पासून मला स्वतःला मधुमेह आहे.

आधी बातमी शिजते कशी ते सांगतो. १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन, इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंगचा वाढदिवस. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन. त्यामुळे १३ तारखेच्या रात्री डेस्कवर एकीकडे चाचा नेहरू आणि गुलाब, दुसरीकडे रुग्णालयांच्या आणि औषध कंपन्यांच्या प्रेस नोटांचा ढीग. रिपोर्टरने फोनवरून दोन डॉक्टरांचे कोट घेतलेले, आकडा प्रेस नोटमधला, आणि पान सोडायला अर्धा तास. मथळ्याचे शब्द ठरलेले: विळखा, सावट, टाइम बॉम्ब. 'मुंबईला मधुमेहाचा विळखा' हा मथळा मी एकट्याने चार वेळा तरी दिला असेल. फोटो फाइलमधला. जिलेब्यांचं ताट, नाहीतर शर्टाची बटणं ताणलेलं एक पोट, ज्याला डोकं नाही. त्या पोटाचा मालक कोण, हे आम्हाला कधीच कळलं नाही, पण दर नोव्हेंबरात तो हजेरी लावून जायचा.

आकड्यांचं म्हणाल तर ते बहुतेक वेळा खोटे नसतात, अर्धवट असतात. जून २०२३ मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मोठ्या पाहणीचे आकडे आले: देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह, शिवाय १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसरा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास आला, त्यात भारताचे २१ कोटी. तोवर मी निवृत्त होऊन घरी पेपर वाचत बसलो होतो. शेजारचे काका म्हणाले, "दीड वर्षात डबल? काय खातात तरी काय लोक!" कुणाच्या खाण्यात असा फरक पडलेला नव्हता, मोजायची पट्टी वेगळी होती. पहिल्या पाहणीत उपाशीपोटीची साखर आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतलेली साखर धरली होती. दुसरीत उपाशीपोटीची साखर किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी, यातलं एक जरी जास्त आलं तरी माणूस मोजला गेला. आपल्याकडे अशक्तपणा, म्हणजे अ‍ॅनिमिया घरोघरी. लोह कमी असलं की एचबीएवनसी उगाच वर दिसू शकते. हे सांगायला बातमीत दोन ओळी पुरल्या असत्या, पण कॉपी कापायची वेळ आली की नेमक्या त्याच जातात. हे मी अनुभवाने सांगतोय, कापणारा मीच असायचो. 'भारत ही जगातल्या मधुमेहाची राजधानी' हेही असंच. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अहवालात चीनमध्ये १४ कोटी रुग्ण होते आणि आपल्याकडे साडेसात कोटींच्या आत. राजधानी आपण स्वतःच बीजिंगहून दिल्लीला हलवली होती.

पण आकड्यांपेक्षा जास्त नुकसान भाषेने केलं, असं माझं मत आहे. मधुमेहाची बातमी आम्ही गुन्हेवृत्तासारखी लिहायचो. आरोपीने काय खाल्लं, काय केलं नाही आणि आता शिक्षा काय: डोळे, किडनी, पाय. 'जीवनशैलीचा आजार' हा शब्द त्यातलं कलम. जणू माणसाने कॅटलॉग बघून जीवनशैली निवडली आणि त्यासोबत हा फुकट आला. आई-बापाकडून येणारा वाटा, गरोदरपणात वाढलेली साखर, रात्रपाळ्या, हे सगळं शेवटच्या परिच्छेदात, जागा उरली तर.

एक प्रसंग मी विसरू शकत नाही. एका नोव्हेंबरात मी चौकट केली होती, 'आता लहान मुलांनाही विळखा', आणि खाली 'जंक फूड आणि मोबाइलमुळे'. सकाळी आमच्या मजल्यावरच्या वहिनी ती चौकट हातात घेऊन दारात. त्यांच्या मुलीला सहाव्या वर्षी टाइप वन झाला होता. "भावोजी, हे तुमच्याच पेपरात आलंय ना? सहा वर्षांच्या पोरीनं काय जंक खाल्लं असेल, सांगा मला. सकाळपासून दोन नणंदांचे फोन आले, हॉटेलचं देत होतीस का म्हणून." टाइप वनमध्ये शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. खाण्याशी, लाडाशी त्याचा संबंध नाही. इन्सुलिन आयुष्यभर घ्यावं लागतं. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ते टोचलं, त्याआधी अशी मुलं फार दिवस जगत नसत. रिपोर्टरची मूळ बातमी टाइप टूच्या, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही त्या नेहमीच्या मधुमेहाच्या, किशोरवयीन मुलांबद्दल होती. 'टाइप टू' हे दोन शब्द चौकटीत बसेनात म्हणून मी काढले होते. संपादकांना म्हटलं, खुलासा छापू. ते म्हणाले, खुलासा कशाला, वहिनींना पत्र लिहायला सांग, वाचकांच्या पत्रव्यवहारात घेऊ. पत्र अकरा दिवसांनी आलं, निम्मं कापून.

आता लोक लपवतात का? मीच लपवला होता. ऑफिसातल्या तपासणी शिबिरात उपाशीपोटीची साखर १६८ निघाली. कॅन्टीनचा पोऱ्या ट्रे घेऊन यायचा आणि अख्ख्या डेस्कला ऐकू जाईल असं ओरडायचा, "बिनसाखरेचा कुणाचाऽऽ?" त्या एका हाकेच्या भीतीने सहा महिने मी दोन चमचे साखरेचा चहा पीत राहिलो. वर रात्री बसून लोकांना सावध करणारे मथळे देत होतो!

मुंबईत अजूनही कुणी सरळ 'मधुमेह आहे' म्हणत नाही. 'थोडी शुगर आहे', नाहीतर 'बॉर्डरवर आहे'. आमच्या ओळखीत एक गृहस्थ पंधरा वर्षं बॉर्डरवर आहेत, एवढं तर सैन्यातही ठेवत नाहीत. मुलीच्या लग्नाचं बघताना तर शब्दच निघत नाही. आणि 'इन्सुलिनवर गेले' हे आपण 'व्हेंटिलेटरवर गेले'च्या सुरात म्हणतो. गंमत म्हणजे मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे मौंजारो आलं, तेही इंजेक्शनच, मूळचं टाइप टू मधुमेहाचं औषध. पण पेपरांनी त्याला 'वजन घटवणारं इंजेक्शन' म्हटलं आणि सुईला नाकं मुरडणारी माणसं डॉक्टरला विचारायला लागली, मला चालेल का हो?

दुसरा गैरसमज, हा सुखवस्तूंचा आजार. २०१७ मध्ये त्याच आयसीएमआर पाहणीचे पंधरा राज्यांचे निष्कर्ष आले होते. महाराष्ट्रासारख्या तुलनेने सधन राज्यांच्या शहरांत मधुमेहाचं प्रमाण वरच्या थरापेक्षा खालच्या आर्थिक थरात जास्त निघालं. आमच्या सोसायटीचा वॉचमन बारा तासांची ड्यूटी करतो. रात्री दोन वडापाव आणि कटिंगवर कटिंग. त्याला 'रोज ४५ मिनिटं चाला, सॅलड खा' ही पुरवणी कुणी वाचून दाखवावी? तो फोटोतल्या पोटाएवढा जाडही नाही, म्हणून स्वतःला सुरक्षित समजतो.

जाहिरातींचं थोडक्यात. 'मधुमेह मुळापासून नष्ट' असं छापायला आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. मधुमेह त्या यादीत नावानिशी आहे. तरी छापून यायचं, कारण जाहिरात विभागाचा मजला वेगळा. २०२४ मध्ये अशाच जाहिरातींवरून सर्वोच्च न्यायालयाने एका बड्या कंपनीला विचारलं होतं, माफीनामा जाहिरातीएवढाच मोठा छापलाय का? मी तो प्रश्न वाचून एकटाच हसलो. मेथी, कारलं, जांभळाच्या बियांची पूड, जे काही आई घेत असेल ते डॉक्टरांना सांगून घेऊ दे. त्यासाठी गोळी मात्र बंद नको.

वडिलांना सांगा, कात्रण कापण्याआधी एवढं बघा: आकडा कुणी आणि कशाने मोजला, टाइप वन की टू ते लिहिलंय का, आणि बातमीत मधुमेह असलेलं एक तरी माणूस बोललंय का. तिसऱ्या अटीला बहुतेक कात्रणं गळतील.

माझ्या फ्रिजवर एकच कात्रण आहे. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरच्या औषधाचं पेटंट संपलं आणि साठेक रुपयांना पडणारी गोळी दहा रुपयांच्या आसपास मिळू लागली. ही बातमी माझ्या पेपरात पान एकवर नव्हती, आरोग्य पुरवणीतही नव्हती. अर्थकारणाच्या पानावर, निर्देशांकाच्या खाली, सिंगल कॉलम. मी ती कापून केमिस्टकडे नेली. तो म्हणाला, "काका, तुमचा ब्रँड नाही, पण कंटेंट तोच." डॉक्टरांना विचारलं, त्यांनी बदलून दिली. महिन्याला हजाराहून जास्त वाचले. वडिलांना कात्री चालवायचीच असेल तर त्यांना आधी अर्थकारणाचं पान उघडायला सांगा.