कुरणात गवत किती, झुडपं किती?

प्रश्न : आमचं चिकोडी तालुक्यात तीन एकर कुरण आहे, हिडकल धरणाच्या कॅनॉलचं पाणी मिळतंय. मारवेल गवत लावलंय, तरी चार म्हशींना पुरत नाही आणि बांधाकडनं वेडी बाभूळ आत घुसायला लागलीय. भाऊ म्हणतो जेसीबी लावून सगळी झाडं काढूया, मी म्हणते आधी मोजूया तरी. कसं मोजायचं?

उत्तर : ताई, तुमचं बरोबर आहे, जेसीबी आधी थांबवाच. एक मीटर बाय एक मीटरची लोखंडी चौकट करून घ्या आणि कुरणात आडवं चालत दर वीस पावलांवर टाका, चांगलं गवत बघून टाकू नका, पडेल तिथं पडू दे. आतलं गवत कापून वाळवा, वजन उतरायचं थांबलं की तोला. ग्रॅमला चारनं गुणलं की एकरी किलो येतात. समजा सरासरी १५० ग्रॅम आलं, म्हणजे एकरी ६०० किलो, तीन एकरात १८०० किलो. ४०० किलोच्या म्हशीला दिवसाला साधारण १० किलो वाळलेलं लागतं, चार म्हशींना ४०, म्हणजे ४५ दिवस, आणि निम्मं गवत फुटव्यासाठी ठेवायचं म्हटलं तर बावीसच.

पण हे झालं उभं गवत, म्हशी रोज खातात ते ह्यात कुठं धरलं? त्यासाठी तीन-चार ठिकाणी जाळीचे पिंजरे ठोका, महिन्यानं आतलं कापून तोला आणि पिंजरे ठोकले त्या दिवशी शेजारी जेवढं होतं तेवढं वजा करा. उरलं ते महिन्याचं खरं उत्पादन. पाण्याची पाळी चालू असताना एकदा आणि कॅनॉल बंद असताना एकदा कराच, दोन्हीत लई फरक पडतो.

झुडपांना गुंठा धरा, ३३ फूट बाय ३३ फूट दोरी लावायची, कॅनॉलकडं दोन आणि कोरड्या अंगाला दोन. जातवार मोजा, गुडघ्याखालची वेगळी, डोक्यावरची वेगळी. सरासरीला ४० नं गुणलं की एकरी आकडा. गुडघ्याखालच्या वेड्या बाभळी (कन्नडात बळ्ळारी जाली म्हणतात ती) जास्त निघाल्या तर ती पसरतेय समजा, शेंगा जनावरं आवडीनं खातात आणि बी शेणातनं शाबूत पडतं, तुमच्या उकिरड्यातसुद्धा बघा.

सावली मोजायला ३० मीटर टेप ताणा, त्यातला ६ मीटर फांद्यांखाली आला तर २० टक्के. चौकट सावलीत वेगळी आणि उन्हात वेगळी टाका, मग कुठलं झाड गवत मारतंय ते तुम्हालाच दिसेल. देशी बाभूळ, बोर असतील तर राहू द्यात, शेळ्यांना पाला-शेंगा मिळतात, उन्हाळ्यात म्हशींना बसायला जागा. वेड्या बाभळीची रोपं पाण्याची पाळी झाल्यावर ओल्या मातीत मुळासकट उपटा, वरनं तोडली की बुडातनं चार फुटवे येतात. जेसीबीनं मारवेलचं ठोंब उलटं होतं आणि उघड्या मातीत पहिल्यांदा वेडी बाभूळच उगवते. आकडे आले की पाठवा, कुठल्या गुंठ्यातले तेही लिहा.