मंत्रालयाआधी तालुका

प्रिय डॉक्टर,

सार्वजनिक आरोग्यात काम करून पुढे आरोग्य खातं सांभाळायचं, हा तुझा विचार मला मनापासून आवडला. ही वाट नवी नाही. डॉ. सुशीला नायर जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकल्या आणि १९६२ ते १९६७ या काळात केंद्रात आरोग्यमंत्री होत्या.

बंधपत्राचं, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष दोडामार्ग किंवा सावंतवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढ, तेही पावसाळ्यासकट. पाणी शुद्ध करायच्या टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचं, पोतं स्वतः उघडून बघ. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, पण कोकणच्या दमट हवेत उघड्या पोत्यातला तो झपाट्याने उडतो. १,००० लिटरला २.५ ग्रॅम हा हिशेब ताज्या पावडरीचा. ४ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी असेल तर सुमारे ३७,७०० लिटर होतात, म्हणजे ९५ ग्रॅमच्या आसपास पावडर. गढूळ पाण्याला जास्त लागते. तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडीन टाकून रंगावरून क्लोरीन ओळखायची चाचणी, कर आणि रंग १० सेकंदांच्या आत वाच. उशिरा पाहिलं तर पाण्यातल्या घाणीशी जोडला गेलेला, जंतूंवर कमी परिणाम करणारा संयुक्त क्लोरीनही त्यात धरला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा सुरक्षित वाटतं. रजिस्टरमध्ये ‘ओटी होकारार्थी’ लिहिलेलं असूनही गावात जुलाब का लागतात, ते इथे कळतं.

गोचीड चावल्याने होणाऱ्या माकडतापाचा अभ्यास तर करच, कारण खात्यांची गुंतागुंत त्याच्याइतकी स्पष्ट कुठेच दिसत नाही. मेलेलं माकड वनविभागाचं, गुरांवरचे गोचीड पशुसंवर्धनाचे, काजूच्या बागेत जाऊन तापाने पडलेला माणूस आपला. माकड मेल्याची खबर आरोग्य केंद्राला त्याच दिवशी मिळाली नाही, तर बागेत जाणाऱ्यांना सावध करायला उशीर होतो. उद्या मंत्री म्हणून तू फार तर एका खात्याला थेट आदेश देशील. बाकीच्यांना बैठकीला बोलवावं लागेल.

आपल्याच खात्यातली वाटणीही नीट समजून घे. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या हाताखाली. ग्रामीण रुग्णालय राज्याचं, जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. वैद्यकीय महाविद्यालय तर वेगळ्याच खात्याचं. मग कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी कर आणि तालुका आरोग्य अधिकारी हो. माझ्या मते या पदाइतकी चांगली शाळा दुसरी नाही.

निवडणुकीची वेळ आली की नोकरी सोडावी लागेल. सरकारी पदावर असताना विधानसभा लढवता येत नाही. राजीनामा नुसता देऊन भागत नाही, अर्जांच्या छाननीआधी तो मंजूर झालेला हवा. विभागीय चौकशी किंवा येणी बाकी असतील तर मंजुरी अडते, म्हणून काही महिने आधीच तयारीला लाग. विधानसभेसाठी वय २५ पूर्ण लागतं, विधान परिषदेसाठी ३०. सभागृहाबाहेरून मंत्री झालं तर सहा महिन्यांत सदस्य व्हावंच लागतं.

खातं मिळालं की नव्या रुग्णालयांच्या मागण्या येतील. इमारतीचा निधी तुलनेने लवकर मिळतो, पदनिर्मिती मात्र वित्त विभागाच्या संमतीशिवाय होत नाही, आणि पद मंजूर झालं तरी ते भरलं जाईलच असं नाही. सर्जन आहे पण भूलतज्ज्ञ नाही, अशा ठिकाणाहून सिझेरियनची बाई गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवावी लागते. म्हणून सही करण्याआधी पदनिर्मितीचा शासन निर्णय माग, पगाराची तरतूद अर्थसंकल्पातल्या कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे ते बघ, आणि भूलतज्ज्ञ कुठून येणार याचं उत्तर सचिवांकडून लेखी घे.

तुझा हितचिंतक