स्वस्त इलेक्ट्रिक गिटारचा आवाज सुधारायला बूस्ट पेडल घ्यावं की पिकअप बदलावेत?

तुमच्या दोन तक्रारी आहेत: आवाज पातळ येतो, आणि गेन (अँप्लिफायरवरचं सिग्नल वाढवायचं बटण) वाढवला की घूंऽ सुरू होते. दुकानदार म्हणतो, पिकअप (तारांखालचा चुंबक-कॉइलचा भाग, जो तारांचं थरथरणं विजेत बदलतो) बदला, दोन्ही जाईल. हे वाक्य मी यवतमाळ जिल्ह्यातल्या लग्नांच्या ऑर्केस्ट्रात इतक्यांदा ऐकलंय की लिहायला बसलोच.

बूस्ट पेडल म्हणजे पायाने दाबायचा, सिग्नल वाढवणारा डबा. त्याला गाणं कुठलं आणि घूं कुठली हे कळत नाही. आत येईल ते मोठं करून पुढे ढकलतं. एमएक्सआर कंपनीचं मायक्रो अँप हे अगदी साधं पेडल, तेही २६ डेसिबलपर्यंत वाढवतं, म्हणजे व्होल्टेज जवळपास २० पट. तेव्हा आधी घूं मारा, पेडलचं नंतर बघू.

आमच्याकडे एक साऊंडवाला आहे. दारव्ह्याजवळच्या एका गावात हळदीचा कार्यक्रम होता. मे महिना, लाइन गेलेली, सगळा मंडप जनरेटरवर. माझी स्ट्रॅटची (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारची) कॉपी, तीन सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे पिकअप). दुसऱ्याच गाण्यात हा बाबा माइकवरून, सगळ्या पाहुण्यांसमोर: "गिटारवाले भाऊ, बंद करा ते. पिकअप खराब हाय तुमचा." नवरदेवाचे मामा फिदीफिदी हसले.

मी स्टेजवरच गिटार घेऊन हळूहळू गोल फिरलो. घूं पिकअपने ओढलेली असेल तर गिटारचं तोंड फिरवलं की ती कमी-जास्त होते. इथे फारसा फरक नाही. पण तारांवर हात ठेवला की घुरघुर निम्मी. म्हणजे संशय अर्थिंगचा. शिवाय आमच्या गायकाच्या ओठांना माइकच्या जाळीतून मुंग्या येत होत्या, तेही काय पिकअपमुळे?

खाली उतरून बोर्ड पाहिला. प्लगच नाही! दोन उघड्या तारा सॉकेटमध्ये घालून वरून आगपेटीच्या काड्या खोचलेल्या, अर्थचं भोक रिकामं. जनरेटरची अर्थची तार एका सळईला गुंडाळलेली आणि सळई जेमतेम वीतभर जमिनीत. मे महिन्यातली आमची काळी माती म्हणजे हात जाईल एवढ्या भेगा. तिथे कसली अर्थिंग मिळते? जनरेटर बंद करायला लावला, तीन पिनांचा प्लग बसवला, अर्थची तार बोर्डापर्यंत ओढली, सळई घणाने खोल ठोकली आणि स्वयंपाकाच्या मंडपातून मीठ मागून बादलीभर पाण्यात कालवून बुडाशी ओतलं. आचारी म्हणे, "काहून भाऊ, जनरेटरले आंघोळ घालून राह्यले का?"

पुन्हा सुरू केलं तर कर्कश घुरघुर गेलेली, गायकाच्या मुंग्याही गेल्या. राहिली ती लायटिंगची बारीक गुणगुण. ती मात्र गिटार वळवली की बदलायची, म्हणजे ती सिंगल कॉइलची.

पुढे मी ब्रिजला (तारा खाली टेकतात तिथे) हम्बकर (दोन कॉइलचा पिकअप) बसवला, तर साऊंडवाला म्हणतो, "पाह्य, मी तवाच म्हनलं होतं!" अरे, काय म्हटलं होतंस? हम्बकरमध्ये दोन कॉइल उलट-सुलट जोडलेल्या असतात, त्यामुळे बाहेरून आलेली ५० हर्ट्झची गुणगुण एकमेकींना खाते. १९५५ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने हम्बकर शोधून काढला तो ह्याचसाठी. सॉकेटमधल्या काड्यांवर त्याचा इलाज नाही. दोन आवाज वेगळे, त्यांची औषधं वेगळी. हे त्याला अजून पटलेलं नाही. तुम्ही मात्र घरी या दोन्ही चाचण्या (गिटार फिरवणं आणि तारांवर हात ठेवणं) करा, मगच खिशात हात घाला.

आता पातळ आवाज. आधी स्क्रू-ड्रायव्हर घ्या. शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या शेवटच्या धातूच्या पट्टीवर) तार दाबून पिकअप आणि तारेतलं अंतर बघा. स्वस्त गिटारींत ते बऱ्याचदा चार-पाच मिलीमीटर असतं, ते दोन-अडीचवर आणा. नेकचा (मानेजवळचा) पिकअप फार वर घेऊ नका, चुंबक जाड तार ओढतं आणि सूर डगमगतो. एवढ्यानेच अर्धी तक्रार मिटेल.

पिकअप बदलायचाच असेल तर सिंगल कॉइलच्या मापाचा हम्बकर घ्या, लाकूड कोरावं लागत नाही. पण सोबत ५०० के चा (५०० किलोओमचा) पॉट, म्हणजे आवाजाच्या बटणाखालचा भाग, टाका, जुन्या २५० के वर तो गुदमरल्यासारखा वाजतो. जुना पिकअप गावात रिवाइंड करून (कॉइलची तार नव्याने गुंडाळून) घेऊ म्हणाल तर विसरा. मी आमच्या मोटार वायंडिंगवाल्याकडे नेला होता. त्याने तार बोटावर घेतली, उजेडात धरली आणि परत दिली: "हे वायर नोहे, केस हाय." बरोबरच आहे, जाडी जेमतेम ०.०६ मिलीमीटर. पंपाच्या तारांवर हात बसलेला माणूस, त्याने काय करावं? सोल्डरही त्याच्याकडून नको, त्याच्या जाड आयर्नने पॉट जळतो.

बूस्ट घेणार असाल तर मिड (मधले सूर) उचलणारं घ्या, ट्यूब स्क्रीमर या पेडलच्या जातीचं. ते ७०० हर्ट्झच्या आसपास आवाज पुढे काढतं आणि खालचा बास कापतं. घरी एकट्याने वाजवलं तर डब्यातून आल्यासारखं वाटेल, पण कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड सुरू झाले की तेच ऐकू येतं. डिस्टॉर्शनच्या (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलच्या) आधी लावलं तर खरखर वाढते, नंतर लावलं तर सोलोला आवाज वाढतो.

हे सगळं मी छोट्या ट्रान्झिस्टर अँपच्या हिशोबाने सांगितलं. ट्यूब अँप (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) असेल तर साधं क्लीन बूस्टही (सूर न बदलता नुसतं वाढवणारं) मजा आणतं. आणि अर्थिंगला स्वतः हात घालू नका, वायरमन बोलवा. मी तेव्हा रागात होतो.