कार्लोवात्स कशामुळे मागे पडलं?

प्रश्न असा : "क्रोएशियातलं कार्लोवात्स चार नद्यांच्या काठी आहे, तरी व्यापारी शहर म्हणून ते मागे का पडलं? 1991 च्या युद्धामुळे का? आणि राजधानी झाग्रेबहून जाऊन एका दिवसात बघून होईल का?"

युद्धामुळे नाही. जुन्या जलवाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या माझ्यासारख्याला हे ऐकवत नाही, म्हणून हे उत्तर. शहराचा व्यापार 1862 ते 1873 या अकरा वर्षांत संपला, आणि तो रेल्वेने संपवला.

आधी त्या चार नद्यांचं. कुपा, कोराना, म्रेझ्नित्सा आणि दोब्रा ही नावं पर्यटनाच्या प्रत्येक पत्रकात असतात. पण मालवाहतुकीला खऱ्या अर्थाने उपयोगी होती एकटी कुपा, आणि तीही कार्लोवात्सपासून खाली सिसाकपर्यंतच, म्हणजे ती सावा नदीला मिळते त्या गावापर्यंत. कोराना आणि म्रेझ्नित्सा चुनखडीच्या मुलखातून येतात. पाण्यातला चुना साचत जाऊन पात्रात आडवे बांध तयार होतात आणि पाणी त्यांवरून कोसळतं. तिथे पाणचक्की छान चालते, मालाची नाव जात नाही. शिवाय 1579 मध्ये हे गाव वसवलं ते व्यापारासाठी नव्हतंच. ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक कार्लला उस्मानी तुर्कांच्या फौजा अडवायच्या होत्या, म्हणून नद्यांमधल्या दलदलीत सहा टोकांच्या ताऱ्यासारखा किल्ला बांधला गेला.

पैसा आला तो अठराव्या शतकात, आणि तो नक्की कुठून आला हे पाहण्यासाठी धान्याच्या एका खेपेचा प्रवास बघा. पूर्वेकडच्या बानात आणि स्लाव्होनिया या सुपीक प्रांतांतला गहू मोठ्या नावांतून डॅन्यूबने, मग सावा नदीने प्रवाहाविरुद्ध सिसाकपर्यंत यायचा. प्रवाहाविरुद्ध म्हणजे काठावरून माणसांनी किंवा घोड्यांनी दोर ओढत. सिसाकला सावा सोडून कुपेत शिरायचं, तर मोठ्या नावेच्या तळाला पाणी पुरत नाही. म्हणून सगळा माल उतरवून लहान नावांत भरायचा. कुपा ही डोंगराळ भागातून येणारी लहरी नदी. उन्हाळ्यात उथळ पडते, हिवाळ्यात गोठण्याची भीती, पावसात अंगावर येते. त्यामुळे खेपा मुख्यतः वसंतात आणि शरदात जमायच्या. मध्येच पाणी उतरलं तर नाव जागीच अडायची. भिजलेला गहू तापतो, त्याला बुरशी लागते, आणि नुकसान व्यापाऱ्याच्या डोक्यावर.

कार्लोवात्सला नदीचं काम संपायचं. पुढे समुद्रापर्यंत डोंगर, म्हणून पुन्हा उतरवणं, कोठारात साठवणं आणि गाड्यांवर भरणं. 1719 मध्ये एड्रियाटिक समुद्रावरची ट्रिएस्ट आणि रियेका ही खुली, म्हणजे जकातमुक्त बंदरं जाहीर झाली आणि मग या डोंगरांतून एकामागोमाग रस्ते निघाले. 1726 मध्ये काम सुरू झालेला कारोलिना बाकार-रियेकाकडे जायचा, पण त्याचे चढ इतके खडे की भरलेल्या गाडीला जादा जनावरं जुंपावी लागत. जादा जनावरं म्हणजे जादा चारा, आणि गव्हाच्या भावात तो खर्च बसत नाही. योझेफिना 1779 मध्ये सेन्य बंदराला पोचला. त्याच्या व्रातनिक घाटात तोच दोष होता. शिवाय हिवाळ्यात तिथे बुरा नावाचा वारा सुटतो, तो भरलेली गाडी उलथवतो. पुढे योसिप कायेतान क्नेझिच या लष्करी अभियंत्याने वळणं वाढवून तो चढ सौम्य केला. खरा मालाचा रस्ता म्हणजे लुयझियाना, काम 1803 मध्ये सुरू, अभियंता फिलिप वुकासोविच. भागधारकांच्या कंपनीने काढलेला, चढ आधीपासूनच हिशेबात धरलेला रस्ता. परतीच्या गाड्या समुद्राचं मीठ घेऊन यायच्या.

आता मोजा, कार्लोवात्समध्ये कोण कोण जगत होतं : हमाल, नावाडी, अडत्ये, कोठारवाले, गाडीवान, लोहार, चाकं करणारे सुतार, खाणावळवाले. या सगळ्यांचं पोट भरत होतं ते माल तिथे थांबावा लागत होता म्हणून. वाहतुकीत जिथे वाहन बदलतं तिथेच पैसा मुरतो, हे माझं ठाम मत आहे, आणि "नदी आहे ना, मग व्यापार होईलच" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हेच शहर दाखवतो.

1862 मध्ये रेल्वे सिसाकला पोचली आणि तिथला गहू झाग्रेबमार्गे थेट ट्रिएस्टच्या रुळावर चढू लागला. कुपेवरच्या लहान नावांची गरज तिथेच संपत आली. 1865 मध्ये झाग्रेब-कार्लोवात्स लोहमार्ग झाला. यानंतरची आठ वर्षं फसवी होती, कारण रूळ कार्लोवात्सलाच संपत होते आणि पुढे गाड्याच लागत होत्या. गाडीवानांचा धंदा त्यामुळे तगून राहिला. 1873 मध्ये रूळ रियेकाला भिडले. आता बुडापेस्टहून निघालेला डबा कार्लोवात्सला न उघडता बंदरात. क्रोएशिया तेव्हा हंगेरीच्या राजमुकुटाखाली होता, म्हणून रेल्वेचे दरही हंगेरीच्या सोयीने ठरत होते, क्रोएशियन व्यापाऱ्याला त्यात आवाज नव्हता.

हेच पुन्हा रस्त्याच्या बाबतीत घडलं. देशातला पहिला मोटारवे 1972 मध्ये झाग्रेब-कार्लोवात्स असा झाला आणि तिथेच संपला. समुद्राकडे जाणारी सगळी वाहनं शहराजवळून जुन्या रस्त्यावर उतरत. 2005 मध्ये मोटारवे स्प्लिटपर्यंत गेला आणि प्रवासी न थांबता पुढे जाऊ लागले.

नद्यांनी दुसरी कामं चांगली केली. म्रेझ्नित्साकाठी दुगा रेसाला 1884 मध्ये कापूस कताईची गिरणी उभी राहिली, आणि कुपेवर ओझाल्य इथलं 1908 चं जलविद्युत केंद्र कार्लोवात्सला वीज देण्यासाठीच बांधलं. कार्लोवात्समधल्या 1949 च्या युगोतुर्बिना कारखान्यात टर्बाइन आणि डिझेल इंजिनं व्हायची. आज शहरातला एचएस प्रोडक्ट कारखाना पिस्तुलं निर्यात करतो.

1991 चं युद्ध, म्हणजे क्रोएशियाच्या स्वातंत्र्याचं युद्ध, काहीच नव्हतं असं मात्र मी म्हणत नाही. आघाडी अगदी दारात, कोरानापलीकडच्या तुरान्यला होती, वर्षानुवर्षं तोफा पडत होत्या, आणि कारखाने व माणसं गेली त्यात तिचा मोठा वाटा आहे. लोकसंख्या 2011 मध्ये 55,705 होती, 2021 मध्ये 49,377. पण ही उद्योगाची आणि माणसांची हानी आहे. नदीव्यापार तेव्हा कधीच संपला होता.

एका दिवसात होईल का? होईल, झाग्रेबपासून पन्नासेक किलोमीटर. ताऱ्याचा किल्ला, म्हणजे झ्वियेझ्दा, पायी फिरा. खंदकाच्या आता बागा आहेत. पोहायचं असेल तर कोरानावर फोगिनोवोला जा. जमलं तर 23 जूनला जा : कुपेच्या समोरासमोरच्या काठांवर गाझा आणि बानिया हे मोहल्ले सेंट जॉनच्या सणाच्या होळ्या रचतात आणि कोणाची उंच यावर चुरस असते.