शाम्पू का सांडतो, आणि सात दिवसांना नेमका किती लागतो

तुमचा प्रश्न असा: सात दिवसांचा प्रवास, विमानात फक्त केबिन बॅग, मागच्या खेपेला शाम्पू कपड्यांवर सांडला, म्हणून सिलिकोनच्या छोट्या बाटल्यांचा संच घ्यावा का? माझ्या मते नको. शाम्पू बाहेर ढकलते ती बाटलीतली हवा, आणि ती नव्या बाटलीतही असणारच.

विमान वर गेलं की केबिनमधला हवेचा दाब कमी होतो, साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका. त्या दाबाला बाटलीतली हवा फुगून सव्वापट किंवा त्याहून थोडी जास्त होऊ शकते. १०० मिलीची बाटली अर्धी भरलेली असेल तर तिच्यात ५० मिली हवा आहे. तिला आणखी १२-१५ मिली जागा लागते. बाटली आडवी किंवा उलटी असेल तर झाकणाशी शाम्पू असतो, मग तोच आधी बाहेर पडतो. म्हणून अर्धवट भरलेली बाटली सर्वांत जास्त गळते. उपाय फुकटचा आहे. बाटली मऊ असेल तर बाजू आत जाईपर्यंत दाबा, शाम्पू तोंडाशी आला की तसंच दाबून धरून झाकण लावा. आता हवेला फुगायला ती पिचकलेली जागा आहे. बाटली कडक असेल तर जवळपास काठोकाठ भरा. झाकण फिरकीचं असेल तर ते काढून तोंडावर स्वयंपाकघरातल्या पातळ प्लास्टिकचा तुकडा ठेवा आणि त्यावरून आवळा. आट्यांना शाम्पू लागलेला असेल तर आधी पुसून घ्या, नाहीतर झाकण घट्ट वाटतं पण बसलेलं नसतं. टिचकीने उघडणाऱ्या झाकणावर चिकटपट्टी लावा. पंपाची बाटली नेऊच नका.

तेलाचं वेगळं आहे. ते आट्यांतून हळूहळू पाझरतं, आणि सिलिकोनमध्ये मुरतंही. बाटली चिकट होते, वास जात नाही. तेलाला कडक प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची बाटली आणि तिची स्वतंत्र झिपची पिशवी.

बाटली धुतली की पूर्ण कोरडी करून मगच भरा, निदान एक रात्र उलटी ठेवून. आत पाणी राहिलं तर शाम्पूतलं टिकवणारं द्रव्य पातळ होतं आणि जंतूंना वाव मिळतो. काही गोष्टी मात्र दुसऱ्या बाटलीत ओतूच नयेत: औषधी मलमं, व्हिटॅमिन सी सीरम (हवा-उजेडाने खराब होतं) आणि कॉन्टॅक्ट लेन्सचं सोल्युशन. सोल्युशन ओतलं की त्याचं निर्जंतुकपण संपलं, आणि प्रश्न डोळ्यांचा आहे. त्याची छोटी बाटलीच विकत घ्या.

आता किती न्यायचं. आखूड केसांना एका वेळी ८-१० मिली शाम्पू पुरतो. दिवसाआड धुतले तर आठवड्याला ४० मिली. कमरेपर्यंत केस असतील तर दुप्पट धरा. टूथपेस्ट एका वेळी फार तर १ ग्रॅम, म्हणजे १४ वेळांना १४ ग्रॅम. सर्वांत छोटी ट्यूब उरते. अंदाज चुकतो तो सनस्क्रीनचा. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर ओढलेल्या रेघांइतकं लागतं, पण पोहायला जाणार असाल तर पूर्ण अंगाला एका वेळी सुमारे ३० मिली. १०० मिलीची ट्यूब तीनदा लावून संपते. समुद्रावर जाणार असाल तर ती तिथे पोचल्यावर घ्या.

तपासणीचा नियम २००६ पासून बहुतेक देशांत आहे: प्रत्येक डबी १०० मिलीपर्यंत, सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत. मोजतात ते डबीवर छापलेलं माप. १५० मिलीच्या ट्यूबमध्ये चमचाभर पेस्ट उरली असली तरी ती काढून घेतात. पेस्ट, जेल, क्रीम, स्प्रे सगळं द्रवातच धरतात. काही विमानतळांवर नवीन स्कॅनर आल्याने मर्यादा सैल झाली आहे, पण परतीचा विमानतळ तसा असेलच असं नाही; कडक नियम धरूनच भरा. डॉक्टरांच्या चिठ्ठीसह औषध आणि लहान बाळाचं दूध यांना सहसा सूट असते, फक्त ते वेगळं काढून दाखवा.

जागा वाचवायची तर घन वस्तू घ्या. साबण, शाम्पूची वडी, डिओडरंटची कांडी यांना ही मर्यादा नाही. पूर्ण वडी नेऊ नका, ३०-४० ग्रॅमचा तुकडा आठवड्याला भरपूर होतो. दाढीला कार्ट्रिजचं रेझर चालतं. सुटी दुधारी ब्लेडं केबिनमध्ये चालत नाहीत. ट्रिमरच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र केबिनमध्येच ठेवाव्या लागतात.

ब्रशला हवाबंद डबी नको, भोकं असलेली टोपी पुरे. निघायच्या दिवशी सकाळी ब्रश आणि साबण सर्वांत आधी वापरून बाहेर ठेवा, म्हणजे बॅग बंद करेपर्यंत तासदोन तास वाळतात. तरी साबण ओला राहिलाच तर जुन्या सुती रुमालात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये घातला की त्याचा लगदा होतो.