वेबिलातला शेरा

"मॅडम, चार केमो झाल्या. हिच्यात फरकच पडत नाही. औषध लागू पडत नसेल का?"

काका अजून खुर्चीत नीट टेकलेही नव्हते. काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या, डोक्याला फुलाफुलांचा स्कार्फ बांधून. केमो घेणाऱ्या पेशंटशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम. हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो, की लालबागच्या या दोघांची गोष्ट लिहावीशी वाटली. त्यांना विचारलं आहे, आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

लालबागमध्ये वाढलेल्या माणसाला परळचं टाटा हॉस्पिटल काही नवं नसतं. १९४१ पासून ते तिथंच उभं आहे. तरी चाळीत कुणी "टाटाला जातोय" म्हटलं, की पुढचं वाक्य दबक्या आवाजात येतं. काकूंना स्तनाचा कर्करोग होता. ऑपरेशन होऊन गाठ निघाली होती, आता दर २१ दिवसांनी केमो. अशा आठ, मग रेडिएशन.

काका बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. मोजणं हातात मुरलेलं. "काल दीड पोळी खाल्ली, आज पाऊण. परवा आपणहून उठून डाळ-तांदूळ निवडले, आज कूस बदलायला तयार नाही. म्हणजे आपण मागेच चाललोय ना?" वर रोज संध्याकाळी नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'आज कशी आहे?' आणि त्याखाली सल्ल्यांची रांग. साखर बंद करा, गव्हांकुराचा रस द्या, कुणाच्या तरी साडूला कुठल्याशा पाल्यानं गुण आला.

काकूंशी एकटीनं बोलले तेव्हा वेगळंच बाहेर आलं. "तोंडात सतत पत्रा चाटल्यासारखी चव. ह्यांची नजर ताटावर असते, म्हणून गिळते. मग मोरीत जाऊन ओकते. ह्यांना कळू देत नाही." म्हणजे काकांच्या हिशेबातली ती दीड पोळीसुद्धा खोटीच होती.

काकांना मी म्हटलं, रोज मोजू नका. चूक माझीच. तीस वर्षं पैन् पैचा हिशेब दिलेल्या माणसाला 'मोजू नका' म्हणणं म्हणजे श्वास घेऊ नका म्हणण्यासारखं. पुढच्या आठवड्यात आले ते कबुली घेऊनच. पोळ्या सोडून आता घास मोजत होते.

मग मी त्यांना त्यांच्याच कामाचं विचारलं. "काका, सकाळी नऊच्या फेरीला बस भरलेली, दुपारी दोनच्या फेरीला रिकामी. तुम्ही घाबरायचात?"

"छे! दोनची फेरी नेहमीच रिकामी. ती बघायची तर कालच्या दोनच्या फेरीशी."

"मग केमोनंतरच्या पाचव्या दिवसाची तुलना दुसऱ्या दिवसाशी का करताय?"

ते गप्प झाले. बराच वेळ.

केमोच्या प्रत्येक फेरीला स्वतःचा चढउतार असतो. उलट्या होऊ नयेत म्हणून केमोच्या सुमारास बहुतेकदा स्टेरॉइड देतात. त्यामुळे पहिले एक-दोन दिवस पेशंट टवटवीत दिसतो, बडबडतो, रात्री झोपत नाही. घरच्यांना वाटतं, वा! स्टेरॉइडचा असर उतरला की गळाठा येतो. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. तेव्हा गर्दी टाळायची, आणि ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्र असली तरी हॉस्पिटलला फोन करायचा आणि निघायचं. तिसऱ्या आठवड्यात माणूस जरा माणसात येतो, आणि नेमकी तेव्हाच पुढची तारीख येते.

राहिला प्रश्न औषध लागू पडण्याचा. काकूंची गाठ काढलेलीच होती. नजरेला न दिसणाऱ्या, कुठे उरल्याच असतील त्या पेशींसाठी ही केमो होती. ती लागू पडते आहे की नाही, हे चेहऱ्यावरून किंवा पोळ्यांवरून कळत नाही. खूप उलट्या झाल्या म्हणजे औषध जोरदार आणि त्रास झाला नाही म्हणजे फुकट, हेही तसंच खोटं. इतकं साधं आहे, पण ते घरच्यांना सांगायला ओपीडीच्या रांगेत कुणाला वेळ मिळत नाही.

काकांनी दुसऱ्याच दिवशी दोनशे पानी वही आणली. वर ठसठशीत अक्षरात 'वेबिल', म्हणजे कंडक्टरचा फेरीवार हिशेबाचा कागद. प्रत्येक केमो ही एक फेरी. रकाने आम्ही तिघांनी मिळून ठरवले: केमोपासून कितवा दिवस, ताप, झोप, गॅलरीत किती खेपा, तोंडाला काय लागलं. पोळ्यांचा रकाना काकूंनी खोडून टाकला. खेपांचा डॉक्टरांना विचारून ठेवला, कारण हा थकवा नुसतं पडून राहून जात नाही, झेपेल तेवढं चालल्यानं उलट थोडा हलका होतो. ग्रुपवर रोजचा खुलासा बंद, रविवारी एकच ओळ. त्यावर एक आत्या रुसल्या. रुसू देत.

शेवटचा रकाना शेरा. काकांना आधी तो जागेची नासाडी वाटला होता.

पाचव्या केमोपासून औषध बदललं. उलट्या कमी झाल्या, बोटांना मुंग्या सुरू झाल्या. सहावीनंतर काका वही घेऊन आले आणि दोन पानं शेजारी शेजारी धरली. गेल्या फेरीत सहाव्या दिवशी गॅलरीत शून्य खेपा, या फेरीत दोन. "दोनच आहेत," ते म्हणाले, पण आवाज वेगळा होता. शेऱ्यात सतराव्या दिवशी लिहिलं होतं: 'सुक्या बोंबलाची चटणी मागितली.' अठराव्या दिवशी: 'नळाच्या पाण्यावरून शेजारणीशी भांडली. जिंकली.'

रेडिएशन संपल्यावर मी त्यांना मुद्दाम परत बोलावलं. उपचार संपले म्हणजे सोमवारपासून सगळं पहिल्यासारखं, असं घरात गृहीत धरलं जातं, आणि थकवा मात्र कित्येक महिने रेंगाळतो. तेव्हा पेशंटलाच अपराधी वाटायला लागतं. काकूंच्या डोक्यावर नवे, मऊ, थोडे कुरळे केस आले होते. वही आता त्यांच्याकडे होती.

मी शेवटचं पान उघडलं. अक्षर काकूंचं.

'ह्यांची झोप: चार तास. खेपा: वाण्याकडे तीन. शेरा: चहा केला, साखर विसरले. गोड आहे म्हटलं.'